देण्याची यादी सगळ्यांकडं आहे, कपातीची यादी कुठल्या पक्षाकडं आहे?

रंकाळा_काठ (धागाकर्ता), २२ डिसेंबर २०२५

काल नगरपरिषदांचे निकाल लागले. उद्यापासून महापालिकेचे अर्ज भरायला सुरुवात आणि १५ जानेवारीला मतदान. नोव्हेंबर २०२० पासून कोल्हापूरचा कारभार प्रशासकांच्या हातात आहे, त्यामुळं आता नगरसेवक निवडून देता येणार याचा सगळ्यांना आनंद आहे, मलाही आहे. तरी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे म्हणून हा धागा काढतोय.

५ नोव्हेंबर २०२४ ला महायुतीनं विधानसभेच्या प्रचाराचा नारळ आपल्याच कोल्हापुरात फोडला आणि दहा वचनं दिली. लाडक्या बहिणीला १५०० चे २१००, शेतकऱ्यांना कर्जमाफी, शेतकरी सन्मानचे १२ हजारांवरून १५ हजार, वृद्धांना २१००, अंगणवाडी आणि आशा सेविकांना महिना १५ हजार, वीजबिलात ३० टक्के सूट. दुसऱ्याच दिवशी मुंबईत महाविकास आघाडीनं आपली यादी काढली. महिलांना महिना ३०००, बसप्रवास मोफत, तीन लाखांपर्यंत कर्जमाफी, नियमित फेडणाऱ्यांना ५० हजार, बेरोजगार तरुणांना महिना ४०००. यासाठी दुसरीकडचा कुठला खर्च थांबवणार, हे दोन्ही व्यासपीठांवरून कुणी सांगितलं नाही.

निवडणूक झाली आणि मग काय काय झालं बघा. जानेवारीत एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. मार्चच्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी दाखवली, कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज दिला आणि लाडकी बहीणची तरतूद ४६ हजार कोटींवरून ३६ हजार कोटींवर आणली. २८ मार्चला बारामतीत अजितदादांनी शेतकऱ्यांना सांगितलं, ३१ तारखेच्या आत पीककर्ज भरा. एक रुपयातला पीकविमा गेला. शंभर रुपयांत मिळणारा आनंदाचा शिधा या गणपतीत मिळाला नाही.

यातली एखादी कपात योग्यही असेल. माझं म्हणणं एवढंच आहे, की ती मत मागतानाच सांगायला हवी होती. ज्याचा जो पक्ष असेल त्यानं इथं आपल्या पक्षाची बाजू जरूर मांडावी.

मुरगूडची_ताई

दादा, धागा चांगला काढला. मी अंगणवाडी सेविका आहे, म्हणून पहिल्यांदा मीच लिहिते.

लाडकी बहीणचे अर्ज आम्हीच भरले. जुलै-ऑगस्ट २०२४ मध्ये अंगणवाडीसमोर सकाळपासून बायका बसलेल्या असायच्या. प्रत्येक अर्जामागं ५० रुपये आम्हाला द्यायचे ठरले होते. तेव्हा वरून एकच सांगणं होतं, कुणी राहू देऊ नका. पडताळणी कुणीच मागितली नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे हप्ते तर आचारसंहितेआधीच एकदम खात्यावर आले.

मतदान झाल्यावर आम्हालाच यादी देऊन घरोघरी पाठवलं. एका कुटुंबात एक विवाहित आणि एक अविवाहित, एवढ्याच बायकांना लाभ, हा नियम आता पाळायचा. माझ्या गल्लीत एका रेशनकार्डावर सासू आणि दोन सुना आहेत. थोरली शेतावर मजुरीला जाते, धाकटी शिलाई करते. दोघींनाही पैसे येत होते. मी दारात उभी राहून विचारायचं, तुमच्यातलं कुणाचं नाव ठेवू? सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. धाकटी म्हणाली, जाऊबाईंचं राहू दे. त्यानंतर ती मला रस्त्यात भेटली तरी पहिल्यासारखं बोलत नाही. नियम सरकारचा, पण तिच्या डोळ्यांसमोर यादी घेऊन मी उभी होते.

आता ई-केवायसी. नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार नंबर आणि त्याच्या मोबाईलवर येणारा ओटीपी लागतो. ज्यांचे दोघंही गेले त्या विधवांनी काय करायचं, हे आधी कुणाला सुचलंच नव्हतं. ३१ डिसेंबरची मुदत आहे आणि अजून बायका माझ्याकडं येतात.

पैसे वाया जातात असं कृपा करून कुणी म्हणू नका. १५०० मध्ये गॅसची टाकी येते, बचत गटाचा हप्ता जातो, बीपीच्या गोळ्या येतात. आणि ते पैसे तिच्या हातात येतात, कुणापुढं हात पसरावा लागत नाही. कपात करायचीच होती तर अर्ज भरतानाच निकष लावायचे होते. तेव्हा लावले नाहीत, कारण तेव्हा मतं हवी होती.

शिवाजी_पेठ_कट्टा

ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण मी भाजपचा कार्यकर्ता आहे, म्हणून दुसरी बाजूही मांडतो.

योजना बंद पडणार म्हणून विरोधकांनी रान उठवलं होतं. बंद पडली का? नाही. जूनपासून २६ लाख ३४ हजार नावं थांबवली, त्यात १४,२९८ पुरुष निघाले. याला कपात म्हणायचं का? ही गळती होती, ती थांबवली. राज्याची वित्तीय तूट, म्हणजे सगळ्या खर्चासाठी वर्षभरात काढावं लागणारं कर्ज, १ लाख ३६ हजार २३५ कोटी आहे, ऐकायला मोठी वाटते, पण राज्याच्या सकल उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आत आहे. केंद्राची मर्यादा तेवढीच आहे. अनेक राज्यांना तीही पाळता येत नाही.

आणि कपातीचा विषय निघालाच आहे तर मे २०२० आठवा. महाविकास आघाडी सरकारनं एका शासन निर्णयानं विकासकामांवरच्या खर्चाला ६७ टक्के कात्री लावली होती. नवीन कामं बंद, भरती बंद.

कसबा_बावडेकर

२०२० ला कोरोना होता, भावा. राज्याचं उत्पन्नच थांबलं होतं. त्याची तुलना आजच्याशी करू नका.

आजची गोष्ट बोलूया. यंदा लाडकी बहीणच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकासचे ३३५ कोटी ७० लाख वळवले. सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यांनीच उघड नाराजी सांगितली, आणि ते सत्तेतल्याच पक्षाचे आहेत. दलित-आदिवासी पोरांच्या वसतिगृहाचा, शिष्यवृत्तीचा पैसा तो.

दुसरीकडं शक्तिपीठ महामार्ग. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत, ८०२ किलोमीटर, ८६,३०० कोटी. विधानसभेआधी कोल्हापुरातली अधिसूचना रद्द केली, कारण शेतकरी पेटला होता. निवडणूक झाल्यावर जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं भूसंपादनासाठी २०,७८७ कोटींना मंजुरी दिली. रत्नागिरी-नागपूर रस्ता असताना बागायती जमिनीतून हा दुसरा रस्ता कुणी मागितला? कुठं कपात करायची हे काँग्रेसवाल्यांनी स्पष्ट सांगितलं आहे: शक्तिपीठ रद्द करा.

रंकाळा_काठ

बावडेकर, शक्तिपीठाबद्दल मी तुमच्याच बाजूचा आहे. पण तुमच्या आघाडीच्या ३००० चा हिशेब मांडूया. सव्वादोन कोटी बायका धरल्या तर वर्षाला ८१ हजार कोटी होतात, तेही दरवर्षी. महामार्ग रद्द करून एकदाच वाचणाऱ्या पैशातून हे किती वर्षं चालेल? तुमचं सरकार आलं असतं तर ताईंच्या हातात यादी आलीच नसती, असं तुम्ही खात्रीनं म्हणू शकता का?

कसबा_बावडेकर

खात्रीनं म्हणू शकत नाही. पण निकष आधी जाहीर करून दिले असते असं मला वाटतं.

हिशेबनीस_निवृत्त

मी लेखा विभागात नोकरी केली. या चर्चेत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होत आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

राज्याच्या महसुलातला निम्म्याहून अधिक भाग पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांत जातो. त्याला कुठलंही सरकार हात लावू शकत नाही. उरलेल्यात अनुदानं, योजना, शाळा-दवाखान्यांचा चालू खर्च आणि भांडवली कामं येतात. महसुली तूट ४५ हजार कोटींची याचा अर्थ चालू खर्च भागवायलाही कर्ज काढावं लागतं. रस्त्यासाठी काढलेल्या कर्जावर वाद घालता येतो, पण निदान मागं रस्ता तरी राहतो. दरमहाच्या वाटपासाठी कर्ज काढलं तर पुढच्या वर्षी तेवढंच पुन्हा काढावं लागतं, शिवाय व्याज वेगळं. त्यामुळं बावडेकरांचा शक्तिपीठ आणि शिवाजी पेठेचे तीन टक्के, दोन्ही खरे असले तरी मूळ प्रश्न तसाच राहतो.

आता कपात प्रत्यक्षात कशी होते ते सांगतो, कारण ती सभागृहात फार क्वचित होते. अर्थसंकल्पात शंभर रुपये मंजूर होतात. मग वित्त विभागाचं परिपत्रक येतं. गेल्या फेब्रुवारीत असंच आलं होतं, खर्च ७० टक्क्यांपर्यंत ठेवा. बीम्स या सरकारच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर निधी टप्प्याटप्प्यानं सुटतो. तुमच्या खात्याचा टप्पा सुटलाच नाही तर बिल तयार असूनही निघत नाही. वर्ष संपलं की तरतूद रद्द होते. कागदोपत्री कुणीही काहीही कमी केलेलं नसतं. उलट बाजूनं पुरवणी मागण्या येतात, म्हणजे अर्थसंकल्पात नसलेल्या जादा खर्चाला मंजुरी मागतात. यंदा अर्थसंकल्पाला चार महिने व्हायच्या आत ५७ हजार ५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. खरा प्राधान्यक्रम बघायचा असेल तर मार्चचं भाषण बाजूला ठेवा आणि पैसा प्रत्यक्ष कुठं सुटला, कुठं अडला ते बघा.

जाहीरनाम्यात कपातीची यादी न देणं पक्षांना परवडतं ते याच व्यवस्थेमुळं. टप्पा सोडला नाही की काम झालं, कुणाची सही नाही, कुणाचं भाषण नाही.

खडी_डांबर

हिशेबनीस काकांनी लिहिलं ते आम्ही भोगतोय. मी छोटा ठेकेदार आहे, नाव आणि खातं लिहीत नाही. रस्ता करून झाला, एमबी म्हणजे मोजमाप वही लिहिली, बिल सादर झालं, आणि आता निधी नाही. ऑफिसात गेलं की साहेब खुर्ची देतात, चहा देतात, पण तारीख देत नाहीत. त्यांच्याही हातात नाही हे मला कळतं. पण खडीवाल्याला, टँकरवाल्याला मी काय सांगू? रोलर चालवणारा माणूस दिवाळीला घरी गेला तो परत आलाच नाही, दुसरीकडं कामाला लागला. राज्यभरातली थकबाकी ८९ हजार कोटींची आहे असं आमच्या संघटना सांगतात. त्यासाठी मोर्चे निघाले, कामं बंद ठेवली.

मला कुठल्याच योजनेवर राग नाही, माझ्या घरातही १५०० येतात. पण पैसे नव्हते तर वर्क ऑर्डर काढायचीच नव्हती. नारळ फोडायला पुढारी आले होते, फोटोत मी पण आहे.

भुदरगड_मास्तर

ठेकेदाराची कपात निदान मोजता तरी येते. शाळांची कपात निर्णयाच्या भाषेत लपते.

१५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवणारा, शासन निर्णय वाचा. सहावी ते आठवीला वीसपेक्षा कमी मुलं असतील तर शिक्षकाचं पद मिळत नाही. शहरात हा आकडा काहीच वाटणार नाही. आमच्या डोंगरी वाड्यांत सातवीला चार पोरं, सहावीला पाच, असा पट असतो. शिक्षक गेला की पोरांनी खाली मोठ्या गावात जायचं. पावसाळ्यात ओढा भरला की एसटी येत नाही. मुलगे कसेतरी जातात. मुलींची शाळा सातवीआधीच सुटते, हे मी लिहून देतो. ५ डिसेंबरला आम्ही शाळा बंद ठेवून रस्त्यावर उतरलो, त्यामागं टीईटीबरोबर (शिक्षक पात्रता परीक्षा) हेही कारण होतं.

हा निर्णय लोकसभेच्या तोंडावर निघाला, तरी तो त्या निवडणुकीत कुठल्याच सभेत ऐकला नाही. विधानसभेतही नाही. आंदोलनाला पाठिंब्याची पत्रं सगळे देतात. पण 'आमचं सरकार आलं तर हा निर्णय मागं घेऊ आणि त्याचे पैसे अमुक ठिकाणाहून आणू' असं लिहून देणारा पक्ष मला अजून भेटलेला नाही. आमच्याकडं येणाऱ्या उमेदवाराला मी हेच विचारणार.

शिवाजी_पेठ_कट्टा

मास्तर, चार पोरांना एक शिक्षक परवडणार कसा, हाही प्रश्न आहेच ना?

भुदरगड_मास्तर

आहे. म्हणून तर म्हणतो, परवडत नसेल तर उघड सांगा आणि त्या पोरांना शाळेपर्यंत न्यायची गाडी आधी द्या. पद आज काढलं, गाडीचं नंतर बघू, हे आम्हाला मान्य नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये याच मातीत प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. संस्थानाची तिजोरी काही आजच्या राज्याएवढी मोठी नव्हती.

ऊसवाला_शिरोळ

कर्जमाफीवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या भागातला बहुतेक शेतकरी कर्ज थकवतच नाही, कारण ऊसबिलातून सोसायटीची वसुली आधीच होते. २०१७ ची दीड लाखाची माफी झाली, २०१९ ची दोन लाखांची झाली, आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या वाट्याला काही आलं नाही. पुढं ५० हजारांचं प्रोत्साहन मिळालं तेव्हा कुठं बरं वाटलं. आता सरकार म्हणतंय ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ. पंचगंगेच्या पुरात दोनदा ऊस बुडालेला आहे आमचा, २०१९ ला आणि २०२१ ला. मला माफीपेक्षा पुराचं पाणी उतरवायच्या कामाला पैसे हवेत. त्या कामाचा टप्पा कुठं अडला, ते काकांच्या बीम्सवर बघायला मिळेल का?

हिशेबनीस_निवृत्त

निधीवाटप लेखाशीर्षानुसार, म्हणजे त्या खर्चाच्या सरकारी हिशेबातल्या सदरानुसार दिसतं. पण त्या कामाचं लेखाशीर्ष काय, हे सामान्य माणसाला कळत नाही. ते उमेदवाराला विचारावं, आमदाराला तर नक्कीच विचारावं. माहिती अधिकारात अर्ज केला तरी मिळतं.

लाल_बावटा_इचल

कात्री कुठं लावायची यावरच सगळे भांडताय. डाव्यांची भूमिका वेगळी आहे: गरिबाच्या पानातला घास काढू नका, उत्पन्न वाढवा. मोठ्या बिल्डरांच्या आणि उद्योगांच्या सवलती आधी तपासा.

हिशेबनीस_निवृत्त

त्यात तथ्य आहे, पण जीएसटीनंतर राज्याच्या हातात कर फार उरले नाहीत. मुद्रांक, दारू, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, वाहनकर, हेच मुख्य. म्हणून तर जूनमध्ये विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवून १४ हजार कोटींची अपेक्षा धरली. सवलती तपासा हे मात्र प्रत्येक पक्षाच्या जाहीरनाम्यात यायला हवं.

टोल_आंदोलक

राज्याचं झालं. आता आपल्या महापालिकेवर या, मतदान तिथंच करायचं आहे.

कोल्हापूरकरांना खर्चकपातीचा अर्थ वेगळा शिकवायला नको. रस्त्यांना पैसे नाहीत म्हणून शहरातले ४९.४९ किलोमीटर रस्ते खासगीकरणातून केले. म्हणजे महापालिकेच्या पुस्तकात खर्च दिसला नाही. तो नाक्या-नाक्यावर आमच्या खिशातून निघाला. २०१३ मध्ये टोल सुरू झाला तेव्हा प्रा. एन. डी. पाटील त्या वयात रस्त्यावर उतरले, कॉ. गोविंद पानसरे उतरले. सगळ्या पेठा, तालमी, मंडळं, रिक्षावाले एकत्र आले. त्या मोर्चांत मी चाललेलो आहे. पानसरे अण्णांना टोल गेलेला बघायला मिळाला नाही, फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांचा खून झाला. टोल गेला त्या वर्षाच्या अखेरीस, आणि कंपनीचे पैसे शेवटी सरकारलाच द्यावे लागले. म्हणजे सुरुवातीला जो खर्च 'वाचवला' तो आपणच भरला, एकदा नाक्यावर आणि पुन्हा करातून.

आज पुन्हा तीच वेळ आहे. जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर गेला, आता महिन्याच्या महिन्याला राज्याच्या जीएसटी भरपाईकडं डोळे लावायचे. १९७२ ला महापालिका झाली, त्यानंतर हद्द एक इंचही वाढली नाही. स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरफाळा, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानगी. आमच्या प्रभागातला एक इच्छुक घरोघरी सांगत फिरतोय, निवडून आलो की घरफाळा निम्मा करतो. मी त्याला विचारलं, मग केएमटीची शहर बससेवा बंद करणार, की शाळा, की औषधफवारणी? तो म्हणाला, वरून निधी आणू. सगळेच वरून निधी आणू म्हणतात. वरची परिस्थिती या धाग्यात सगळ्यांनी लिहिलीच आहे.

मुरगूडची_ताई

काका, शाळेचं नाव काढलं म्हणून. माझी भाची जरगनगरच्या महापालिका शाळेत शिकली. तिथं प्रवेशासाठी पाडव्याला पालक रांगा लावतात. सरकारी शाळेत पैसा आणि माणसं नीट दिली तर लोक खासगी सोडून तिथं येतात. असल्या ठिकाणी कुणी कात्री लावू नये.

शिवाजी_पेठ_कट्टा

जरगनगरबद्दल दुमत नाही. आणि घरफाळा निम्मा करायचं आश्वासन आमच्या कुणी दिलं असेल तर मीही पक्षाच्या बैठकीत विचारीन. हद्दवाढ झाल्याशिवाय घरफाळ्याला हात लावणं योग्य नाही, हे माझं वैयक्तिक मत आहे.

रंकाळा_काठ

पेठेतून हे आलं याचा आनंद वाटला. हिशेबनीस काका, एक विचारायचं राहिलं. नवीन नगरसेवकांच्या हातात यंदाचा अर्थसंकल्प असेल का, की प्रशासकच करून मोकळे होतील?

हिशेबनीस_निवृत्त

१६ जानेवारीला मोजणी आहे. आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढं मांडतात, समिती फेरफार करून ते महासभेकडं पाठवते आणि महासभा मंजूर करते. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. महापौर, स्थायी समिती वेळेवर झाली तर नवीन सभागृहाचं पहिलं मोठं काम हेच असेल. म्हणजे आज तुमच्या दारात येणारा माणूस दोन-अडीच महिन्यांत त्यावर हात वर करणार आहे. चालू वर्षाचं अंदाजपत्रक मिळवून ठेवा. त्यात केएमटीला किती, प्राथमिक शिक्षणाला किती, रस्त्याला किती आणि घरफाळ्याची प्रत्यक्ष वसुली किती, ही चार पानं झेरॉक्स करून दारात त्याच्या हातात द्या. यातलं काय कमी करणार, तिथं पेनानं खूण कर म्हणा.

टोल_आंदोलक

रविवारी संध्याकाळी आमच्या तालमीत प्रभागातल्या सगळ्या इच्छुकांना बोलावलंय. पानं मी काढून आणतो. रंकाळा_काठ, तुम्ही या. ताई, मास्तर, तुमचं मतदान इथं नसलं तरी तुम्हीही या.

मुरगूडची_ताई

रविवारी येते. ३१ तारखेपर्यंत केवायसीची गर्दी आहे, पण संध्याकाळची गाडी आहे. आमच्या मानधनाचंही विचारीन.